असोद्याच्या मक्यात किती साखर?

जळगावजवळच्या असोद्याचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघतात: बहिणाबाई चौधरींचं माहेर आणि भरिताची वांगी. बहिणाबाईंचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला मिळालं आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला त्याआधीच, २०१६ साली, भौगोलिक मानांकन मिळालं होतं. गावाच्या शिवारात कापूस, केळी, मकाही पिकतो. पण त्यांचं कुणाला कौतुक नाही, कारण ती अख्ख्या खानदेशातच पिकतात. साखरेबद्दल बोलायचं असेल तर मात्र या बिनकौतुकाच्या पिकांपासूनच सुरुवात करावी लागते.

कच्च्या केळीच्या गरात जवळजवळ पाचवा हिस्सा स्टार्च असतो. रावेर-यावलकडची केळी रायपनिंग चेंबरमध्ये सोळा-अठरा अंशांवर ठेवली, इथिलीनचा झोत दिला, की चार-पाच दिवसांत त्या स्टार्चपैकी टक्का-दोन टक्केच शिल्लक राहतो. बाकीचा साखर होऊन बसतो. ना चरक, ना बॉयलर, ना गंधकाचा धूर. हे सगळं काम केळीतली एन्झाइमं करतात. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर: एक प्रथिन, जे एखादी रासायनिक क्रिया हजारो पटींनी लवकर घडवून आणतं आणि स्वतः जसंच्या तसं राहतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तेही एन्झाइममुळेच. तेच वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर अख्खं भाजलं तर आतला गर हिरवट-पांढरा राहतो, कारण उष्णतेनं एन्झाइम मरतं आणि काळं करणारं कुणी उरत नाही.

महाराष्ट्रात साखर म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस, गाळप हंगाम, चेअरमन आणि निवडणूक हेच येतं. खानदेशानंही हाच नमुना उचलला. फैजपूरला मधुकर, चाळीसगावला बेलगंगा, धुळ्याला संजय, साक्रीला पांझराकान, तसाच शिरपूरचा, असे सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांची चाकं पुढे वर्षानुवर्षं थांबली. काही विकले गेले, काहींच्या आवारात बाभळी उगवल्या. कारणांची चर्चा करताना गैरव्यवस्थापन, कर्ज, राजकारण यांची यादी लगेच पुढे येते आणि ती खोटी नाही. पण तिच्याखाली एक साधी गोष्ट दबून जाते. हा ऊस पिकवायचा प्रदेश मुळात नव्हता. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, असा हिशेब कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांत आलेला आहे. यावल-रावेरच्या विहिरी केळीनं आधीच खोल गेलेल्या, आणि वर ऊस. पश्चिम महाराष्ट्राची नक्कल करताना खानदेशानं त्याचं पीक घेतलं, त्याची संस्था घेतली, त्याचं पाणी मात्र आणता आलं नाही.

जगात दुसरीकडे याच काळात साखर उसापासून सुटत चालली होती. ती सुटली ती एका युक्तीमुळे: एन्झाइम एखाद्या घट्ट आधाराला बांधून टाकायचं आणि साखरेचा पाक त्याच्यावरून वाहू द्यायचा. युक्तीचं मूळ शंभर वर्षांहून जुनं. १९१६ साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज कोळशावर चिकटवलं. हे एन्झाइम उसाच्या साखरेचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. कोळशाला चिकटल्यावरही त्याची ताकद कमी झाली नाही, असं त्यांना आढळलं. त्यावर पुढची पंचवीस वर्षं कुणी उद्योग उभारला नाही.

मग महायुद्ध आलं. इंग्लंडमध्ये टेट अँड लाइल ही साखर कंपनी गोल्डन सिरप बनवण्यासाठी आम्ल वापरत असे. १९४१ नंतर ते मिळेनासं झालं. कंपनीनं यीस्टचा अर्क काढून तो हाडांच्या कोळशावर बसवला. पाक स्वच्छ करण्यासाठी असा कोळसा कारखान्यात होताच. वीस फूट खोल थरात दोन फुटांचा थर एन्झाइमवाल्या कोळशाचा टाकला. तो उत्तम चालला. १९४६ च्या सुमारास आम्ल पुन्हा मिळू लागलं आणि कंपनीनं हे सगळं गुंडाळून ठेवलं, कारण आम्लाच्या पाकाची चव लोकांच्या जिभेवर बसलेली होती. ही हकिगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बांधलेलं एन्झाइम कारखान्यात येतं ते टंचाईमुळे किंवा भावामुळे, आणि टंचाई सरली की जातंही. विज्ञान पुढे गेलं म्हणून उद्योग आपोआप बदलत नाही.

कायमचा बदल घडवला तो जपान आणि अमेरिकेनं मिळून. ग्लुकोज गोड असतं, पण साखरेइतकं नाही. त्याचा फ्रुक्टोज केला तर गोडी वाढते. हे काम करू शकणारं एन्झाइम, ग्लुकोज आयसोमरेज, १९५७ साली अमेरिकेत मार्शल आणि कूई यांना एका जिवाणूत सापडलं. १९६० च्या दशकात जपानमध्ये योशियुकी ताकासाकी यांनी स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या सूक्ष्मजीवांतून ते अधिक उपयोगी रूपात मिळवलं. आयोवामधल्या क्लिंटन कॉर्न प्रोसेसिंग या कंपनीनं परवाना घेतला आणि १९६७-६८ च्या सुमारास मक्यापासून फ्रुक्टोजवाला पाक बाजारात आणला. त्याच सुमाराला, १९६९ साली, जपानच्या तनाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांनी बांधलेल्या एन्झाइमवर अमिनो आम्लांचं औद्योगिक उत्पादन सुरू केलं. तोवर बहुतांशी प्रयोगशाळेतली गंमत असलेली गोष्ट आता कारखान्याची यंत्रणा झाली.

बांधायचं कशासाठी, हे समजायला घरोट, म्हणजे जातं, पुरे. जोंधळा वरून पडतो, पीठ होऊन बाजूनं निघतो. दगड जागचा हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येतो. मोकळं एन्झाइम पाकात विरघळवलं तर काम झाल्यावर ते पाकाबरोबरच जातं. परत काढणं परवडत नाही. बांधलेलं एन्झाइम स्तंभात थांबतं आणि पाक पुढे जातो. दुसरा फायदा कमी सांगितला जातो. स्तंभात एन्झाइम इतकं दाटीवाटीनं भरलेलं असतं की पाकाला आत फार वेळ थांबावं लागत नाही. गरम आणि अल्कधर्मी पाक तासन् तास तसाच राहिला तर करपट रंग धरतो, नको ती द्रव्यं तयार होतात. लवकर बाहेर पडला तर शुभ्र राहतो.

हे सगळं जळगावातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत तासाभरात पाहता येतं. सोडियम अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला डिंकासारखा पदार्थ. त्याच्या घट्ट द्रावणात यीस्ट कालवायचं. ड्रॉपरनं एकेक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. थेंब पाण्यात पडताक्षणी गोठतो आणि साबुदाण्याएवढी गुळगुळीत, दुधी गोळी तळाशी बसते. अशा गोळ्या काचेच्या नळीत भरायच्या, वरून साखरेचं पाणी ओतायचं. खाली येणाऱ्या पाण्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून तापवलं की ते विटकरी होतं. मूळच्या साखरेच्या पाण्याचा निळा रंग तसाच राहतो. मुलांना हे जादूसारखं वाटतं. पण हीच गोळी कारखान्यात नेली तर पहिल्याच आठवड्यात नाकी नऊ येतील. उंच स्तंभात वरच्या वजनानं ती चेपते, पाकाची वाट अडते, आणि पाकात विशिष्ट क्षार असले तर अल्जिनेट पुन्हा विरघळू लागतं.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातला हा फरक फार कमी लेखला जातो. ग्लुकोजचा फ्रुक्टोज करणाऱ्या स्तंभात शिरायच्या आधी पाकाला किती सोपस्कार करावे लागतात पाहा. मक्याचं स्टार्च आधी शंभर अंशांच्या वर तापवून अल्फा-अमायलेज या एन्झाइमनं पातळ करतात. त्या एन्झाइमला टिकायला कॅल्शियम हवं असतं. मग साठ अंशांवर, आंबट पाण्यात, ग्लुकोअमायलेज एक ते तीन दिवस घेऊन त्याचं ग्लुकोज करतं. शेवटच्या स्तंभातलं एन्झाइम मात्र कॅल्शियमनं लुळं पडतं; त्याला मॅग्नेशियम लागतं आणि पाणी किंचित अल्कधर्मी लागतं. म्हणून मधे कोळशातून गाळणं आलं, आयन एक्स्चेंज आलं, आम्लता बदलणं आलं, पाकातला प्राणवायू काढणं आलं. एवढं करून पाक पंचावन्न-साठ अंशांवर स्तंभात जातो. तिथेही ग्लुकोज पूर्ण बदलत नाही. निम्म्यावर आलं की क्रिया दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगानं चालू लागते, म्हणून ४२ टक्क्यांवर थांबणंच परवडतं. शीतपेयांना ५५ टक्के हवं असतं. त्यासाठी फ्रुक्टोज वेगळं काढून पुन्हा मिसळावं लागतं.

गोळ्यांचा आकार ही या धंद्यातली खरी डोकेदुखी. बारीक गोळी घेतली तर पाक तिच्या पोटापर्यंत पोहोचतो, पण स्तंभात दाब वाढून पंप धापा टाकू लागतो. मोठी घेतली तर पाक सरळ वाहतो, पण गोळीच्या मध्यावरचं एन्झाइम उपाशी राहतं. चांगल्या स्तंभात एक किलो बांधलेलं एन्झाइम त्याच्या आयुष्यात दहा-पंधरा टन साखर बदलतं. ते हळूहळू थकतं. म्हणून कारखान्यात वेगवेगळ्या वयाचे अनेक स्तंभ शेजारी शेजारी चालवतात. थकलेल्यातून पाक सावकाश सोडतात, ताज्यातून जोरात, आणि ताकद सुरुवातीच्या आठव्या हिश्शावर आली की भरण बदलतात. एकूण पाक रोज सारखाच निघतो. हे गणित ज्याला जमतं तो टिकतो.

आता राजकारण. १९७४ साली जागतिक बाजारात कच्ची साखर पौंडाला ६० सेंटच्या वर गेली. त्याआधीच क्युबाची साखर अमेरिकेनं बंद केली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं साखरेच्या आयातीवर कोटे बसवले आणि देशातला भाव जगापेक्षा चढा ठेवला. मका मात्र तिथे स्वस्त आणि मुबलक. या फटीतून मक्याचा पाक आत शिरला. कोका-कोलानं १९८० साली अर्धी साखर काढून हा पाक वापरायला परवानगी दिली, १९८४ साली पूर्ण. युरोपात हेच एन्झाइम होतं, हीच यंत्रं होती, पण बीटच्या शेतकऱ्यांना वाचवण्यासाठी मक्या-गव्हाच्या पाकावर २०१७ पर्यंत कोटा होता, म्हणून तिथे तो किरकोळच राहिला. मेक्सिकोनं २००२ साली या पाकाच्या शीतपेयांवर वीस टक्के कर लावला. जागतिक व्यापार संघटनेत भांडण गेलं आणि मेक्सिको हरला. एकच पाक, तीन मुलूख, तीन निकाल.

भारतात काय? २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. म्हणजे एक किलो साखरेत उसाचे सुमारे ३४ रुपये ६० पैसे. त्याच वर्षी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये. क्विंटलभर मक्यातून ६० ते ६५ किलो स्टार्च निघतं, आणि स्टार्चचं ग्लुकोज होताना त्यात पाणी जोडलं जात असल्यानं शंभर किलोचे एकशे अकरा होतात. हिशेब केला तर एक किलो मक्याच्या साखरेत मक्याचे ३३ ते ३६ रुपये. चोथा, मक्याचं तेल, ग्लुटेन विकून काही सुटतं, तसंच उसाच्या बाजूला मळी आणि बगॅस विकूनही सुटतं. थोडक्यात दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. अमेरिकेत जी फट होती ती इथे नाही. म्हणून दोंडाईच्यात १९७० च्या दशकात स्थापन झालेली युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही कंपनी धुळे-नंदुरबारच्या मक्यातून स्टार्च आणि लिक्विड ग्लुकोज काढते, मिठाईवाल्यांना आणि औषधवाल्यांना पुरवते, पण सरबतातली साखर मात्र उसाचीच राहते. यात दोष कुणाचा नाही. गणितच तसं आहे.

मग खानदेशानं मक्याच्या पाकाचं स्वप्न पाहावं का? पाहू नये. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण दर काही वर्षांनी कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण देऊन ते विकायला येतं. शिवाय आरोग्याचा प्रश्नही आहे, आणि तोही नीट समजून घ्यायला हवा. शीतपेयांतल्या मक्याच्या पाकात ५५ टक्के फ्रुक्टोज असतं, उसाच्या साखरेत पचल्यावर ५० टक्के. एवढ्या फरकानं एक विष आणि दुसरं अमृत होत नाही. नुकसान जास्त खाण्यानं होतं आणि स्वस्त पाकामुळे ते जास्त खाणं सोपं झालं. पिण्याच्या प्रत्येक बाटलीत गोडी ओतण्यासाठी आणखी एक स्वस्त रस्ता काढणं, ही मधुमेह घरोघर असलेल्या देशाची गरज नाही.

एन्झाइम बांधण्याची युक्ती मात्र सोडून देण्यासारखी नाही, आणि इथेच मराठी मुलखाचा इतिहास कामाला येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या भोसले, राव आणि देशपांडे यांनी १९९६ साली मायक्रोबायॉलॉजिकल रिव्ह्यूज या नियतकालिकात याच ग्लुकोज आयसोमरेजचा विस्तृत आढावा लिहिला. या विषयावर लिहिणारे जगभरचे संशोधक आजही त्या लेखाचा दाखला देतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा यांनी तर साध्या सुती कापडाला एका पॉलिमरचा लेप देऊन त्यावर यीस्टच्या पेशी चिकटवल्या आणि त्या कापडावर उसाच्या साखरेचा इन्व्हर्ट पाक करून दाखवला. कापड! ना महागडं रेझिन, ना परदेशी काचेच्या गोळ्या. गोळ्यांचा स्तंभ चेपण्याची कटकट कापडात उरत नाही आणि कापड मळलं तर बदलता येतं. इन्व्हर्ट पाक बिस्किटांना, मिठाईला, मधाच्या जागी लागतो. तो गोठून खडे होत नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात या कल्पनेचं आश्चर्य वाटावं आणि तिथेच ती कुणाला माहीत नसावी, ही खेदाची गोष्ट.

जळगावाचं एन्झाइमशी नातं यापेक्षाही जवळचं आहे. ठिबकवाले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भवरलाल जैन यांच्या उद्योगानं सुरुवातीची मोठी उडी ठिबकच्या जोरावर घेतली नव्हती. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेतला आणि त्यात पपेन बनवायला सुरुवात केली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम. पहाटे पपईच्या हिरव्या फळावर उभे, उथळ चरे पाडायचे. पांढरा चीक ओघळतो, तो धरायचा, वाळवायचा. चीक हाताला लागला की कातडी सोलून निघते, कारण प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. चरे पडलेलं फळ बाजारात कुणी घेत नाही. ते टुटी-फ्रुटीला जातं. परदेशात हे पपेन बिअर नितळ करायला आणि मांस मऊ करायला जाई, आणि शुद्ध पपेन पुरवणाऱ्यांत जळगाव जगात पहिल्या रांगेत पोहोचलं. ऊस गाळणारे कारखाने ज्या जिल्ह्यात पुढे कर्जात बुडाले, त्याच जिल्ह्यातला पपईचा चीक डॉलर आणत होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मत बनतं. साखरेच्या धंद्यात कच्चा माल कुणाचा आहे यापेक्षा एन्झाइम आणि त्याचा आधार कुणाचा आहे, याला पैसा मिळतो. मका असोद्याचा असो की आयोवाचा, त्याचा भाव बाजारात ठरतो आणि आवक वाढली की घसरतो, इथे तर हमीभावाच्याही खाली. स्तंभातल्या गोळ्या मात्र मोजक्या कंपन्या विकतात आणि त्यांचा भाव त्याच ठरवतात. पपेनच्या वेळी जळगाव त्या मोजक्यांत होतं.

याचा अर्थ दिसेल ते एन्झाइम बांधत सुटावं असा नाही. स्टार्चचं ग्लुकोज करणारं ग्लुकोअमायलेज बांधण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर झाले. गोळीच्या पोकळीत ग्लुकोज साचून राही, एन्झाइम उलटं काम करू लागे, उतारा टक्का-दोन टक्के घटे. आणि मोकळं ग्लुकोअमायलेज इतकं स्वस्त झालं होतं की बांधण्यात राम उरला नाही. आजही ते मोकळंच वापरतात. जी एन्झाइमं महाग आहेत, पेशीच्या आत अडकलेली आहेत, किंवा अन्नात उरायला नकोत, त्यांनाच बांधणं फळतं. आपल्या विद्यापीठांतल्या कित्येक शोधनिबंधांना ही जाण नसते. चिंचोक्याच्या पिठावर, नारळाच्या करवंटीच्या कोळशावर, तुरीच्या टरफलावर एन्झाइम बांधल्याचे निबंध छापून येतात. शेवटी एक वाक्य असतं की दहा वेळा वापरूनही ऐंशी टक्के ताकद उरली. कारखान्याला दहा वेळा नको, शंभर दिवस हवेत, रात्रंदिवस, साठ अंशांवर, दाबाखाली. दहाव्या वापरानंतर थांबणाऱ्या निबंधानं पदवी मिळते, स्तंभ उभा राहत नाही.

मग कुठली साखर? स्वस्त साखरेच्या मागे न लागता वेगळ्या साखरा बनवाव्यात. उसाच्याच साखरेतला एक जोड बदलून आयसोमाल्टुलोज मिळतं. ते दातांना किडवत नाही आणि रक्तात सावकाश उतरतं. युरोपात ते बांधलेल्या जिवाणूंच्या पेशी वापरून गेली काही दशकं बनवलं जातं. जपानच्या कागावा विद्यापीठात केन इझुमोरी यांनी १९९० च्या दशकात फ्रुक्टोजपासून ॲल्युलोज करणारं एन्झाइम शोधलं. ही साखर उसाच्या साखरेच्या सत्तर टक्के गोड, आणि शरीर तिच्यातून जवळजवळ काहीच ऊर्जा घेत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९ साली वेष्टणावरच्या साखरेच्या आकड्यात तिची मोजदाद न करण्याची मुभा दिली. या दोन्ही साखरांची रचना अशी की बांधलेल्या एन्झाइमशिवाय त्या परवडतच नाहीत. इथे स्पर्धा उसाशी नाही, कुठल्या पक्षाच्या कारखान्याशी नाही, पाण्याच्या पाळीशी तर नाहीच.

आक्षेप घेणारे म्हणतील की भांडवल कोण घालणार. प्रश्न रास्त आहे. पण भांडवल आत्ताही जातंच आहे, फक्त दुसऱ्या टाकीत. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायच्या धोरणामुळे मक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधनं आणली, आणि मका इथेनॉलचा मोठा कच्चा माल बनला. एवढा की निर्यात करणारा भारत २०२४ साली मका आयात करू लागला. धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या प्रकल्पात नेमकं काय होतं? मका दळतात, अल्फा-अमायलेजनं पातळ करतात, ग्लुकोअमायलेजनं ग्लुकोज करतात. इथवर हा साखरेचाच कारखाना आहे. पुढे यीस्ट त्या ग्लुकोजचा मद्यार्क करतं आणि तो टँकरमधून पेट्रोलमध्ये जातो.

त्या टाकीतून ग्लुकोजचा काही भाग यीस्ट पडण्याआधी वळवला, तर मागचा अर्धा कारखाना बराचसा आयता मिळतो. अर्थात, दळलेल्या अख्ख्या मक्याचा तो गढूळ पाक थेट स्तंभात चालणार नाही. त्यातलं तेल आणि प्रथिनं आधी काढावी लागतील, म्हणजे कोरड्या दळणाऐवजी दोंडाईच्यासारखं ओलं दळण लागेल, आणि तेच खर्चाचं मुख्य कलम ठरेल. पुढचे स्तंभ तुलनेनं छोटे. त्यांत भरायचं एन्झाइम परदेशातून घ्यायचं की जळगावच्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेनं आणि एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीनं मिळून सुती कापडावर ते इथेच बसवून पाहायचं, हे ठरवायला आधी छोटा, रोज शे-दोनशे लिटर पाक चालवणारा आणि निदान तीन महिने न थांबणारा स्तंभ उभारावा लागेल. असा स्तंभ मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन करण्यासारखा दिसत नाही आणि त्याची निवडणूकही होत नाही. इथेनॉलचे परवाने देताना सरकारनं अशा चाचणीची अट घालावी.